पहिला घोडा घेताना : जात, स्वारीची शैली आणि स्वार यांचा मेळ

स्वारी शिकायला लागून वर्ष-दोन वर्षे झाली आणि मांड थोडीफार स्थिरावली, की स्वतःचा घोडा असावा ही इच्छा मनात घर करते. तिच्या पाठोपाठ एक प्रश्न हमखास येतो : सर्वांत चांगली जात कोणती? प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु या रूपात त्याला उत्तर नाही. डोंगरवाटांनी एका दिवसात १६० किलोमीटर जाऊ शकणारा घोडा ड्रेसाजच्या, म्हणजे स्वाराच्या बारीक इशाऱ्यांवर ठरावीक चाली करून दाखवण्याच्या, रिंगणात सामान्य ठरू शकतो, आणि रिंगणात डोळ्यांचे पारणे फेडणारा घोडा जंगलवाटेवर प्रत्येक झुडपाला बुजू शकतो. जातीचा विचार करायचा तो कामाच्या संदर्भात, आणि काम ठरते ते स्वाराच्या शैलीवरून. म्हणून आधी आपण कोणत्या प्रकारची स्वारी करणार आहोत हे निश्चित करावे, मग त्या कामाला अनुकूल जाती पाहाव्यात आणि शेवटी त्या जातींमधला एक विशिष्ट घोडा पारखावा. हा क्रम उलटा झाला, म्हणजे एखाद्या जातीच्या रूपावर भाळून घोडा घेतला आणि मग त्याला आपल्या स्वारीत बसवायचा प्रयत्न केला, तर त्रास दोघांनाही होतो, आणि त्यातल्या एकाला तो बोलूनही दाखवता येत नाही.

जात आपल्याला काय सांगते

घोड्यांची जात म्हणजे एखाद्या विशिष्ट कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड करत घडवलेला समूह. थरोब्रेड हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकांत शर्यतींसाठी ही जात घडली. आजच्या सर्व थरोब्रेड घोड्यांची पितृवंशावळ बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपर्यंत जाते, आणि त्यांची वंशनोंदवही १७९१ पासून ठेवली जात आहे. ही नोंदवही बंद आहे, म्हणजे आई आणि वडील दोघेही थरोब्रेड असतील तरच शिंगराची नोंद होते. इतका दीर्घ काळ वेग या एकाच गुणावर निवड झाल्यामुळे लांब पाय, खोल छाती, पातळ त्वचा आणि इशारा मिळताच पुढे झेपावण्याची वृत्ती या जातीत पक्की झाली आहे.

वॉर्मब्लड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या युरोपीय जातींची रीत वेगळी आहे. हॅनोव्हेरियन, होल्स्टायनर, ओल्डनबर्ग, डच वॉर्मब्लड यांच्या नोंदवह्या बऱ्याच अंशी खुल्या असतात. बाहेरचे रक्त घेतले जाते, पण प्रजननासाठी निवडायच्या नराची शरीररचना, चाल आणि कामगिरी तपासूनच त्याला मान्यता दिली जाते. म्हणजे थरोब्रेडच्या बाबतीत नोंद प्रामुख्याने वंशाची साक्ष देते, तर वॉर्मब्लडच्या बाबतीत ती काही प्रमाणात कामगिरीचीही साक्ष देते. घोड्याची कागदपत्रे हातात आली की ती नेमके काय सिद्ध करतात हे त्यामुळे समजून घ्यावे.

मात्र कोणतीही नोंद एका विशिष्ट घोड्याच्या स्वभावाची हमी देत नाही. जात म्हणजे सरासरी, आणि घोडा म्हणजे व्यक्ती. एकाच घोडीची दोन शिंगरे, एकाच पागेत वाढलेली, एक सालस आणि एक तापट असू शकतात. शिवाय एकाच जातीत वेगवेगळ्या वंशरेषा असतात. क्वार्टर हॉर्स या अमेरिकी जातीत शर्यतीच्या, गुरे वळण्याच्या आणि केवळ देहसौष्ठवाच्या प्रदर्शनासाठी जोपासलेल्या रेषा इतक्या वेगळ्या झाल्या आहेत की त्यांतले दोन घोडे शेजारी उभे केले तर नवख्या माणसाला ते एका जातीचे वाटणार नाहीत. वॉर्मब्लडमध्येही उडीच्या आणि ड्रेसाजच्या रेषा वेगळ्या आहेत. म्हणून जातीचे नाव कळल्यावर पुढचा प्रश्न वंशरेषेचा असायला हवा.

उष्ण, थंड आणि मधले रक्त

घोडेस्वारांच्या बोलण्यात हॉटब्लड, कोल्डब्लड आणि वॉर्मब्लड हे शब्द सतत येतात. त्यांचा रक्ताच्या तापमानाशी काहीही संबंध नाही. सर्व घोड्यांचे शरीरतापमान सारखेच असते. हे वर्गीकरण स्वभाव आणि बांधा यांचे आहे. अरबी आणि थरोब्रेड हे हॉटब्लड : हलके, चपळ, संवेदनशील आणि झटकन प्रतिसाद देणारे. ओझी ओढणाऱ्या शायर, पर्शरॉन, बेल्जियन यांसारख्या भारदस्त जाती कोल्डब्लड : शांत, ताकदवान आणि प्रतिसादाला थोड्या सावकाश. वॉर्मब्लड हे दोहोंच्या मिश्रणातून आणि पुढच्या काटेकोर निवडीतून घडलेले खेळाचे घोडे.

नवख्या स्वाराच्या दृष्टीने या वर्गीकरणातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रतिसादाचा वेग. मांड अजून पक्की नसलेल्या स्वाराचे पाय दुडकीत नकळत हलतात, तोल गेला की हात लगामावर ओढला जातो, आणि घाबरल्यावर शरीर पुढे झुकून टाचा घोड्याच्या कुशीला घट्ट बसतात. शांत, अनुभवी घोडा या चुकीच्या सूचनांकडे बऱ्याच अंशी दुर्लक्ष करतो. संवेदनशील घोड्याला मात्र त्या खऱ्या सूचना वाटतात. पुढे झुकलेले शरीर आणि दाबलेल्या टाचा यांचा अर्थ तो ‘पळ’ असा घेतो, त्याच वेळी ओढलेला लगाम ‘थांब’ म्हणतो, आणि या विसंगतीतून तो डोके उडवतो, आडवा होतो किंवा उधळतो. त्याला वाईट घोडा म्हणणे अन्यायाचे आहे, कारण त्याने जे ऐकले तेच तो करत असतो. तीव्र संवेदनशीलता हा अनुभवी स्वाराच्या हाती अनमोल गुण आहे. पहिल्या घोड्यात तो मध्यम प्रमाणात असलेला बरा, असे माझे स्पष्ट मत आहे.

शरीराची घडण आणि काम

घोड्याकडे बाजूने पाहायला शिकले की अर्धी परीक्षा होते. खांद्याचे हाड तिरके असेल तर पुढचा पाय लांबवर पडतो आणि चाल मऊ लागते. खांदा उभा असेल तर पाऊल आखूड पडते आणि दुडकीत स्वाराला धक्के बसतात. ओझे ओढणाऱ्या जातींत खांदा उभा असतो कारण जोखडाला तो सोयीचा. पाठ फार लांब असेल तर ती ताकदीने उचलून धरणे घोड्याला कठीण जाते. पुठ्ठ्यांची रुंदी आणि मागच्या पायांचे कोन यांवर झेप, थांबणे आणि वळणे अवलंबून असते. मान कोठून निघते तेही पाहावे. छातीच्या वरच्या भागातून निघणारी उंच मान ड्रेसाजमध्ये घोड्याला मागच्या पायांवर भार घेणे सोपे करते, तर आडवी, खालच्या पातळीवरची मान गुरांच्या कळपात काम करणाऱ्या घोड्याला उपयोगी पडते.

स्नायूंचाही असाच हिशेब आहे. स्नायूंमध्ये हळू आकुंचन पावणारे, लवकर न थकणारे तंतू असतात आणि झटकन आकुंचन पावणारे, थोड्या वेळात मोठी ताकद देणारे तंतू असतात. अरबी घोड्यांत पहिल्या प्रकारचे तंतू तुलनेने अधिक असतात. शिवाय शरीर आटोपशीर आणि त्वचा पातळ असल्याने शरीरातली उष्णता लवकर बाहेर जाते, आणि म्हणून लांब पल्ल्याच्या स्वारीत अरबी रक्ताचे वर्चस्व आहे. क्वार्टर हॉर्समध्ये दुसऱ्या प्रकारचे तंतू भरपूर असतात. या जातीचे नावच पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०० मीटरच्या शर्यतीवरून पडले. तेवढ्या अंतरात ती विलक्षण वेगवान असते, आणि तीच ताकद जागच्या जागी थांबण्यात आणि गरकन वळण्यात उतरते.

आपली स्वारी कोणती?

हा प्रश्न प्रामाणिकपणे सोडवावा. स्वप्नात आपण मोठ्या उड्या मारत असतो, पण प्रत्यक्षात आठवड्यातून तीन वेळा, तासाभरासाठी, मोकळ्या वाटांवर रपेट करत असतो. घोडा निवडायचा तो प्रत्यक्षातल्या त्या तीन तासांसाठी.

मोकळी रपेट हीच मुख्य स्वारी असेल तर शांत डोके, मजबूत खूर आणि खात्रीचे पाऊल हे गुण सर्वांत वर ठेवावेत. ऑस्ट्रिया-इटलीच्या डोंगराळ टायरोलमधला हाफलिंगर, नॉर्वेचा फ्योर्ड, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा कॉनेमारा, धिप्पाड पण बेताच्या उंचीचे कॉब आणि अमेरिकेतला मॉर्गन ही या कामासाठी चांगली नावे आहेत. हाफलिंगर जातीचा मूळ नर १८७४ मध्ये जन्मला, मॉर्गनचा १७८९ मध्ये, आणि दोन्ही जाती शेतीकाम, ओझे आणि स्वारी अशा सर्व कामांना लागणाऱ्या घोड्यांच्या म्हणून वाढल्या. ज्या जातीला पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या सर्वांनी हाताळायचे होते, तिच्यात अविचारी घोडा प्रजननासाठी ठेवला जात नसे. नवख्या स्वाराला आज मिळतो तो त्या निवडीचा फायदा. मात्र या जातींना शांत म्हणताना एक सावधगिरी आवश्यक आहे. हाफलिंगर आणि फ्योर्ड यांची मान जाड आणि ताकद मोठी असते, आणि त्यांतल्या काही घोड्यांना स्वाराची दुर्बलता फार लवकर कळते. मनात आले की ते मान खाली घालून गवताकडे चालू लागतात आणि हलक्या हाताच्या स्वाराला ओढून नेतात. जमिनीवरची शिस्त, म्हणजे दोरीने नेताना अंगावर न येणे आणि सांगितल्यावर थांबणे, या जातींत आधी तपासावी.

रपेटीच्या संदर्भात ज्यांचा विचार सहसा राहून जातो असा एक वर्ग म्हणजे खास चालीचे घोडे. सामान्य घोडा दुडकीत कर्णरेषेतले दोन-दोन पाय एकत्र टाकतो. प्रत्येक जोडीच्या मधे सगळे पाय क्षणभर हवेत असतात, आणि जमिनीवर येतानाचा धक्का स्वाराच्या कमरेला बसतो. खास चालीच्या घोड्यांत चारही पाय एकामागून एक पडतात आणि कोणता ना कोणता पाय कायम जमिनीवर असतो, त्यामुळे वेग दुडकीचा पण बैठक जवळजवळ स्थिर. आइसलँडिक घोड्याची तोल्ट, टेनेसी वॉकिंग हॉर्सची रनिंग वॉक, पासो फिनो आणि पेरूव्हियन पासो यांच्या चाली, आणि मारवाडी व काठियावाडी घोड्यांतली रेवाल ही याची उदाहरणे. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की अशा चालींमागे डीएमआरटी३ नावाच्या जनुकातला एक बदल मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहे. म्हणजे ही केवळ शिकवण नाही, चाल बरीचशी रक्तातच असते. पाठदुखी असलेल्या किंवा उशिरा स्वारी शिकलेल्या माणसाने असा घोडा एकदा तरी चालवून पाहावा. अडचण अशी की ती चाल स्वच्छ राखण्यासाठी स्वारालाही थोडे वेगळे शिक्षण लागते. चुकीच्या बैठकीने आणि घट्ट लगामाने ती बिघडते. आणि ज्याला मुख्यतः ड्रेसाज किंवा उडी करायची आहे त्याने हा मार्ग घेऊ नये.

ड्रेसाजकडे ओढा असेल तर दोन दिशा आहेत. एक वॉर्मब्लडची. हॅनोव्हेरियन घोड्यांचे केंद्र असलेली जर्मनीतल्या सेल्ले येथील सरकारी पागा १७३५ मध्ये स्थापन झाली, आणि तेव्हापासून शेतीचा, लष्कराचा आणि आता खेळाचा असे त्या जातीचे रूप बदलत गेले आहे. आजच्या उच्च दर्जाच्या वॉर्मब्लडची दुडकी पाहायला अप्रतिम असते, पण बसायला अवघड. घोड्याची पाठ मोठ्या हेलकाव्याने वर येते, आणि ज्याची कंबर अजून तो हेलकावा सामावून घेऊ शकत नाही तो स्वार उसळत राहतो, लगामाला धरून तोल सावरतो आणि घोड्याची पाठ व तोंड दोन्ही दुखावतो. स्पर्धेच्या चित्रफिती पाहून घोडा निवडणाऱ्यांकडून नेमके हेच निसटते. दुसरी दिशा इबेरियन घोड्यांची, म्हणजे स्पेनचे अँडलुशियन, पोर्तुगालचे लुसितानो आणि त्याच परंपरेतले लिपिझानर, ज्यांची मूळ पागा १५८० मध्ये आजच्या स्लोव्हेनियातल्या लिपिका येथे उभी राहिली. यांची पाठ आखूड, चाल उंच पण आटोपशीर, आणि भार मागे घेण्याची क्षमता जन्मजात असते. ते संवेदनशील असले तरी माणसाकडे लक्ष देणारे असतात. रिंगणातल्या प्राथमिक ड्रेसाजसाठी मध्यम हालचालीचा, शिकलेला वॉर्मब्लड किंवा शांत वंशरेषेतला इबेरियन घोडा मला अधिक योग्य वाटतो. मोठ्या चालीचा तरुण वॉर्मब्लड दुसऱ्या किंवा तिसऱ्या घोड्यासाठी राखावा.

उडीच्या बाबतीत एक गैरसमज दूर करायला हवा. ८०-९० सेंटीमीटरपर्यंतच्या उडीसाठी खास जात लागत नाही. तेवढी उडी निरोगी, नीट शिकवलेला जवळजवळ कोणताही घोडा मारू शकतो. तिथे महत्त्व असते ते अडथळ्याकडे समतोल वेगाने, न थबकता, न उधळता जाण्याला. कॉनेमारा, वेल्श कॉब आणि आयरिश ड्राफ्ट व थरोब्रेड यांची संकरित संतती या गुणासाठी नावाजलेली आहे. होल्स्टायनर किंवा सेल फ्रान्से यांसारख्या उडीच्या जातींची खरी गरज बरीच पुढे लागते. त्यांची झेप इतकी जोरदार असू शकते की नवखा स्वार मागे राहतो आणि घोड्याच्या तोंडाला हिसका बसतो. असे काही वेळा झाले की चांगला घोडाही अडथळ्यापुढे थांबायला शिकतो. ड्रेसाज, उडी आणि क्रॉसकंट्री (मोकळ्या रानातल्या अडथळ्यांवरून दौड) अशा तीन कसोट्यांच्या तीन दिवसांच्या इव्हेंटिंगमध्ये थरोब्रेडचे रक्त हवेच, कारण दम आणि वेग तिथूनच येतो, परंतु प्राथमिक पातळीवर तेच आयरिश संकर पुरेसे ठरतात.

लांब पल्ल्याच्या स्वारीसाठी, म्हणजे एंड्युरन्ससाठी, अरबी किंवा अर्धअरबी हे उत्तर जवळपास निर्विवाद आहे. कॅलिफोर्नियात १९५५ पासून होणाऱ्या टेव्हिस कप या स्वारीत डोंगरातले १०० मैल २४ तासांत पार करायचे असतात, आणि तिथे अरबी घोडे ठळकपणे पुढे असतात. या खेळात टप्प्याटप्प्यावर पशुवैद्य घोड्याच्या हृदयाचे ठोके, पाण्याचे प्रमाण आणि चाल तपासतात. ठोके ठरलेल्या वेळात खाली आले नाहीत किंवा घोडा लंगडला तर त्याला बाद केले जाते. अरबी घोड्याला ‘वेडा’ म्हणण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती मला पटत नाही. तो जिज्ञासू, स्मरणशक्तीचा पक्का आणि माणसाशी घट्ट नाते जोडणारा घोडा आहे. त्याला रोज भरपूर हालचाल आणि सुसंगत वागणूक हवी असते. आठवड्यातून दोनदाच भेटणाऱ्या, बाकी दिवस त्याला ठाणबंद ठेवणाऱ्या मालकाकडे तो अस्वस्थ होतो, आणि त्या अस्वस्थतेला लोक स्वभाव समजतात.

वेस्टर्न पद्धतीच्या स्वारीत क्वार्टर हॉर्सला पर्याय शोधण्याची गरज क्वचितच पडते. या जातीची अधिकृत नोंदणी संस्था अमेरिकेत १९४० मध्ये स्थापन झाली. एका हातात सैल लगाम, मानेला लगामाचा स्पर्श होताच वळणे, आणि काम नसेल तेव्हा तासन्‌तास शांत उभे राहणे, हे सारे गुरांमागे दिवस घालवणाऱ्या स्वाराच्या गरजेतून आले आहे. योग्य वंशरेषेतला, वयाने पोक्त क्वार्टर हॉर्स इंग्लिश पद्धतीच्या नवख्या स्वारालाही उत्तम पहिला घोडा ठरतो. पोलोसाठी मात्र जात पाहू नये. पोलो पोनी हा कामावरून ओळखला जाणारा प्रकार आहे, बहुधा थरोब्रेड रक्ताचा, आणि तिथे खेळ शिकलेला घोडाच घ्यावा.

उंची आणि वजन

घोड्याची उंची हँड या एककात मोजतात. एक हँड म्हणजे ४ इंच, म्हणजे १०.१६ सेंटीमीटर, मोजमाप जमिनीपासून मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्यापर्यंत असते. १४.२ हँड, म्हणजे सुमारे १४८ सेंटीमीटर, ही घोडा आणि पोनी यांच्यातली प्रचलित सीमा. यातला १४.२ हा दशांश अपूर्णांक नसून १४ हँड आणि २ इंच असा आहे, त्यामुळे १४.३ नंतर थेट १५ येते.

उंच स्वाराला उंच घोडा हवाच, हा समज अर्धवट आहे. वजन वाहण्याची क्षमता उंचीपेक्षा हाडाची जाडी, पाठीची लांबी आणि कमरेचे स्नायू यांवर अवलंबून असते. आइसलँडिक घोडा साधारण १३ ते १४ हँडचा असूनही मोठ्या माणसांना सहज वाहतो. व्यवहारात वापरली जाणारी मर्यादा अशी की स्वार, खोगीर आणि इतर साहित्य मिळून घोड्याच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे. ४५० किलोच्या घोड्यासाठी ही मर्यादा ९० किलो होते, आणि त्यात खोगीरही आले. मांड कच्ची असताना मी ती आणखी खाली धरण्याचा सल्ला देईन, कारण उसळणारे वजन स्थिर वजनापेक्षा पाठीला जास्त लागते. आणखी एक व्यावहारिक बाब रुंदीची आहे. आखूड पायांच्या स्वाराला फार रुंद पोटाच्या कॉबवर मांड्या ताणून बसावे लागते आणि पाय खाली सरळ सोडता येत नाही. हे केवळ बसूनच कळते.

सांभाळ आणि आनुवंशिक दोष

खडतर प्रदेशात घडलेल्या जाती थोड्या चाऱ्यावर तगून राहतात. हा गुण आहे, पण हिरव्यागार कुरणात तोच धोका होतो. पोनी, हाफलिंगर, फ्योर्ड, कॉब आणि मॉर्गन यांना जादा साखरेच्या गवतामुळे लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या, हाडाला धरून ठेवणाऱ्या थराचा अतिशय वेदनादायक दाह, होण्याची शक्यता अधिक असते. अशा घोड्याच्या मालकाला चराई मोजून द्यावी लागते. उलट थरोब्रेडचे वजन टिकवायला श्रम पडतात. त्याची त्वचा नाजूक असते, आणि पातळ तळव्यांच्या खुरांना चांगल्या नालबंदाची सतत गरज असते. तुमच्याकडे कुरण कसे आहे आणि दिवसातला किती वेळ आहे, यावरही जात ठरते.

आनुवंशिक दोषांची चौकशी संकोच न करता करावी. क्वार्टर हॉर्समध्ये इम्प्रेसिव्ह नावाच्या एका गाजलेल्या नराच्या वंशात हायपीपी हा दोष पसरला, ज्यात रक्तातल्या पोटॅशियमच्या गडबडीमुळे स्नायू अचानक थरथरतात आणि घोडा कोसळूही शकतो. स्नायूंत साखर साठण्याचा पीएसएसएम हा विकार क्वार्टर हॉर्स, ओझ्याच्या जाती आणि काही हाफलिंगरमध्येही आढळतो. ठिपकेदार अपालूसा घोड्यांत डोळ्यांचा वारंवार होणारा दाह इतर जातींपेक्षा जास्त दिसतो, आणि काहींना जन्मतःच रात्री दिसत नाही. यांपैकी अनेक दोषांसाठी आयाळीच्या किंवा शेपटीच्या केसांवरून जनुकीय चाचणी होते. विक्रेत्याकडे तिचा अहवाल मागणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे नव्हे.

वय आणि शिक्षण : जातीपेक्षाही आधी

आतापर्यंत जातीबद्दल इतके लिहूनही मला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे ते हे की पहिल्या घोड्याच्या बाबतीत वय आणि शिक्षण यांचे वजन जातीपेक्षा अधिक आहे. घोड्याच्या पाठीच्या कण्यातल्या वाढीच्या जागा साधारण साडेपाच-सहा वर्षांपर्यंत पूर्ण बंद होत नाहीत, आणि मनाने पोक्त व्हायला त्याला आणखी काळ लागतो. मोठ्या बांध्याचे वॉर्मब्लड तर विशेष उशिरा पिकतात. ‘आम्ही दोघे मिळून शिकू’ या भावनेने तरुण, अर्धवट शिकलेला घोडा घेणाऱ्यांबद्दल मला कळकळ वाटते, कारण त्या जोडीत शिकवणारा कोणीच नसतो. स्वाराला जे माहीत नाही ते घोड्याला माहीत असले पाहिजे. आठ ते पंधरा वर्षांचा, अनेक स्वार पाहिलेला, वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन आलेला घोडा हा खरा शिक्षक. चांगल्या निगेत घोडे पंचवीस-तीस वर्षे जगतात, त्यामुळे चौदा-पंधरा वर्षांच्या निरोगी घोड्याला म्हातारा म्हणून नाकारू नये.

लिंगाबद्दल थोडक्यात : खच्ची केलेला घोडा सर्वसाधारणपणे दिवसेंदिवस सारखा वागतो, घोड्यांपैकी (माद्यांपैकी) काहींचा स्वभाव माजाच्या काळात बदलतो, पण अनेक घोड्या उत्तम पहिल्या जोडीदार ठरतात, आणि खच्ची न केलेला नर, तो कितीही गरीब वाटला तरी, पहिला घोडा म्हणून घेऊ नये.

शर्यतीतून निवृत्त झालेल्या थरोब्रेडचा मोह अनेकांना पडतो. त्यांना नवे घर मिळावे ही इच्छा योग्यच आहे. परंतु त्या घोड्याला वर्षानुवर्षे एकच गोष्ट शिकवलेली असते : लगामाचा ताण वाढला की त्यावर टेकून आणखी पळायचे. नवखा स्वार घाबरून लगाम ओढतो तेव्हा तो नेमकी हीच सूचना देत असतो. ज्या निवृत्त घोड्याला जाणत्या प्रशिक्षकाने वर्ष-दोन वर्षे नव्याने घडवले आहे त्याचा विचार अवश्य करावा. थेट ट्रॅकवरून आलेल्याचा करू नये.

प्रत्यक्ष पारख

घोडा पाहायला जाताना आपल्याला चालवताना पाहिलेला प्रशिक्षक सोबत असावा. तिथे पोहोचल्यावर घोडा आधीच खोगीर घालून, घामाघूम उभा असेल तर त्याला आधी दमवले गेले असावे अशी शंका घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. कुरणातून पकडताना तो कसा वागतो, खूर उचलू देतो का, खोगिराचा पट्टा आवळताना कान मागे करतो किंवा चावायला येतो का, हे सर्व स्वतः पाहावे; पट्ट्याला होणारा विरोध अनेकदा पाठीच्या किंवा पोटाच्या दुखण्यातून येतो. मग विक्रेत्याने किंवा त्याच्या माणसाने आधी स्वारी करून दाखवावी. जो घोडा त्याचा मालकच चालवायला तयार नाही त्यावर आपण चढू नये. त्यानंतर प्रशिक्षक आणि शेवटी आपण, तेही फक्त रिंगणात नव्हे तर आपल्या नेहमीच्या स्वारीसारख्या जागी. रपेटीसाठी घ्यायचा घोडा पागेपासून एकटा दूर जातो का आणि परतताना घाई करतो का, हे रिंगणात कळणारच नाही.

पशुवैद्यकीय तपासणी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या पशुवैद्याकडून करून घ्यावी आणि त्यांना काम नेमके सांगावे, कारण रपेटीला चालणारा एखादा जुना सांध्याचा दोष उडीला चालणार नाही. गुडघ्याचा किंवा मागच्या पायाचा सांधा वाकवून धरून मग दुडकीत पळवण्याची चाचणी, डोळे आणि हृदय यांची तपासणी, आवश्यक वाटल्यास क्षकिरण, आणि शांत करणारे औषध दिलेले नाही ना हे पाहण्यासाठी रक्ताचा नमुना, एवढे तरी व्हावे. विक्रेता काही आठवड्यांच्या चाचणीमुदतीला तयार असेल तर ती अटी लिहून घेऊन स्वीकारावी. पहिल्या आठवड्यात घोडा नव्या जागी बावरलेला किंवा उलट अनैसर्गिक शांत असतो, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात, पाऊस-वाऱ्याच्या दिवशी, दोन दिवस काम न दिल्यानंतर तो खोगिराखाली कसा वागतो ते पाहावे, आणि त्या दिवसाची नोंद प्रशिक्षकाला दाखवूनच होकार कळवावा.